काट्यावर जड पातं तराजूवर हलकं कसं? – आरसी (रिमोट कंट्रोल) हेलिकॉप्टर, ४५० क्लास

वांद्रे_पूर्व

नमस्कार मंडळी. इथे आजवर नुसता वाचक होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

४५० क्लासचं (मॉडेलचा एक ठरावीक आकार) इलेक्ट्रिक हेलिकॉप्टर आहे, फ्लायबारलेस (डोक्यावर तोल सांभाळणारी आडवी दांडी नसलेलं), ३२५ मिमीची कार्बन पाती. पाती नवी आहेत, ऑनलाइन मागवलेली. पाकिटावर ना वजन, ना सीजी (गुरुत्वमध्य), नुसतं '३२५' लिहिलेलं स्टिकर. ती लावल्यापासून दोन तक्रारी आहेत.

एक, हेडस्पीड (मुख्य पात्यांच्या मिनिटाला फेऱ्या) २००० च्या आसपास असेपर्यंत सगळं ठीक. २८०० ला नेलं की अख्खा सांगाडा डावी-उजवीकडे थरथरतो, स्किडच्या (खालच्या पायांच्या) कडा धूसर दिसायला लागतात.

दोन, ट्रॅकिंग (दोन्ही पाती एकाच पातळीत फिरणं) होव्हरला, म्हणजे हवेत एका जागी थांबून, जुळवलं की कलेक्टिव्ह (दोन्ही पात्यांचा एकत्र कल) वाढवल्यावर फाटतं. वरच्या कलेक्टिव्हला जुळवलं की होव्हरला फाटतं.

पात्याचा कल (पिच) ठरवणारी लिंक काढ, फिरव, लाव, असं करून बॉल लिंक सैल व्हायची वेळ आली. शेवटी पाती उतरवली आणि झवेरी बाजारातून आणलेल्या सोनाराच्या काट्यावर टाकली. लाल पट्टीचं २७.४ ग्रॅम, निळ्या पट्टीचं २७.१. म्हणजे लाल जड, बरोबर? मग दोन्ही पाती मुळाशी एकाच बोल्टने जोडली, सरळ रेषेत उघडली आणि बोल्ट दोन ग्लासांच्या कडांवर टेकवला. खाली गेलं निळं! पुन्हा केलं, उलटसुलट करून केलं, प्रत्येक वेळी निळंच खाली.

आता चिकटपट्टी कुणाला लावू?

स्वॅशप्लेट

कुणालाच लावू नका. अजून माप अर्धंच झालंय.

काटा फक्त वजन सांगतो, ते वजन मुळापासून किती लांब बसलंय ते सांगत नाही. ग्लासावरचा तराजू वजन आणि अंतर यांचा गुणाकार तोलतो. तुमच्या निळ्या पात्याचं वजन टोकाकडे सरकलेलं असणार.

प्रत्येक पात्याचा सीजी काढा. स्टीलची पट्टी शिकंज्यात उभी धरा, पातं तिच्या धारेवर आडवं ठेवून सरकवत राहा. जिथे तोललं जाईल तिथे पेन्सिलीने बारीक रेघ. मग बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून त्या रेघेपर्यंत मोजा.

आणि हे करताना घरातला पंखा बंद. खिडकीही बंद. मे महिन्यात मुंबईत हा या छंदाचा कर समजा.

नागदेवी_नट

ग्लासावर टेकवलेला बोल्ट पूर्ण आट्यांचा होता का? आटे काचेच्या कडेत अडकतात आणि तराजू खोटं बोलतो. नागदेवी स्ट्रीटवर '३ एमएम हाफ थ्रेड ॲलन' मागा, लांब बघून घ्या. गुळगुळीत दांडा काचेवर आला पाहिजे. सुटा एक कुणी देणार नाही, डझन घ्यावे लागतील, पण डझनाचेही फार होत नाहीत.

दुसरं, पाती बघण्याआधी फेदरिंग शाफ्ट (ज्याच्याभोवती पाती कल बदलतात तो हबमधला दांडा) काढून आरशावर लोळवा. जरा जरी वाकलेला असेल तर ट्रॅकिंग जन्मात जुळणार नाही आणि तुम्ही पात्यांना शिव्या देत बसाल. आणि पात्याची बाहेरची ओढ झेलणारं थ्रस्ट बेअरिंग कसं बसवलंय? त्याच्या दोन चकत्यांची भोकं वेगवेगळ्या मापाची असतात. मोठ्या भोकाची आत, म्हणजे हबकडे. उलट बसली की ग्रिप (पातं धरणारा भाग) जोराखाली जड फिरतो.

वांद्रे_पूर्व

@नागदेवी_नट, शाफ्ट सरळ आहे, चकत्या बरोबर आहेत. बोल्ट मात्र पूर्ण आट्यांचा होता. आज बदलला. निकाल तोच, निळं खाली.

@स्वॅशप्लेट, सीजी मोजला. भोकाच्या मध्यापासून लाल १५२ मिमी, निळं १५८ मिमी.

स्वॅशप्लेट

६ मिमी! हे जोडपं नाही हो, हे लोकलमध्ये शेजारी बसलेले दोन प्रवासी आहेत.

चांगल्या कारखान्यातून पाती जुळवून जोडीनेच येतात. वजन, सीजी दोन्ही बघून जोडी लावलेली असते. तिथे मिलिमीटरभर फरक निघाला तरी लोक कुरकुरतात. परत करा.

वांद्रे_पूर्व

विकणारा परत घेत नाही. 'वजनात फक्त ०.३ ग्रॅम फरक आहे, चालतं' असं उत्तर आलंय.

गणिती_गोरेगाव

विकणाऱ्याचं ते ०.३ ग्रॅम बाजूला ठेवा, आकडे मांडू.

बोल्टभोवती लालचा गुणाकार २७.४ × १५२ = सुमारे ४१६५ ग्रॅम-मिमी. निळ्याचा २७.१ × १५८ = सुमारे ४२८२. निळं ११७ ने भारी, म्हणून तराजूवर खाली. इथवर कोडं सुटलं.

आता उपाय. लालच्या टोकाशी, समजा भोकापासून ३१५ मिमीवर, पट्टी लावायची. ११७ भागिले ३१५ म्हणजे ०.३७ ग्रॅम. तराजू सपाट. पण हवेत पातं बोल्टभोवती फिरत नाही, मुख्य शाफ्टभोवती फिरतं. बोल्ट आणि शाफ्ट यांच्यामध्ये ग्रिपचं अंतर आहे. तुमच्या हेडवर ते किती आहे मोजा, ३० च्या पुढेमागे असेल.

वांद्रे_पूर्व

३२ मिमी.

गणिती_गोरेगाव

छान. मग शाफ्टपासून लालचा सीजी १८४ मिमीवर आणि निळ्याचा १९० वर. गुणाकार लाल ५०४२, निळं ५१४९. फरक ११७ नाही, १०७. पट्टीही शाफ्टपासून ३४७ मिमीवर येते. १०७ भागिले ३४७ म्हणजे ०.३१ ग्रॅम.

म्हणजे ग्लासावरचा तराजू ०.३७ सांगतो आणि शाफ्टला हवंय ०.३१. दोन्ही पात्यांचं वजन आणि सीजी सारखे असते तर दोन्ही हिशेब एकच आले असते. ते सारखे नाहीत म्हणून तराजू थोडी जास्त पट्टी लावायला लावतो.

हे थोडं म्हणजे किती? २८०० फेऱ्यांना १०७ ग्रॅम-मिमीचा असमतोल सव्वानऊ न्यूटनची ओढ देतो. म्हणजे जवळपास किलोभर वजन दर सेकंदाला ४६-४७ वेळा तुमचा शाफ्ट चारी दिशांना खेचतंय. ०.३७ ची पट्टी लावली तर उरतो २१ चा असमतोल, पण आता उलट्या बाजूचा. त्याची ओढ १.८ न्यूटन, म्हणजे पूर्वीच्या पाचव्या हिश्शाएवढी.

ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २००० ला ती २८०० च्या निम्मी असते, म्हणून तुम्हाला खाली सगळं ठीक वाटतं.

झोपाळा

मध्येच येते, माफ करा. हेलिकॉप्टरमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण आमच्या हॉलमधला सीलिंग फॅन पाचवर केला की असाच डुलतो. त्यालाही चिकटपट्टी लावता येईल का?

स्वॅशप्लेट

ताई, येईल. पण आधी ट्रॅकिंग. पंखा बंद करून, एका पात्याच्या टोकापासून छतापर्यंत फूटपट्टीने मोजा. तिन्ही पाती एकेक करून त्याच जागी आणून मोजा. एखाद्याचं अंतर वेगळं आलं तर त्याचा मुळातला स्क्रू किंवा वाकलेला पत्रा बघा. तिन्ही सारखी असूनही डुलला तर वजन. एकेका पात्याच्या वरच्या बाजूला मधोमध नाणं चिकटवून बघा, ज्यावर डुलणं कमी होईल ते हलकं. आधी दांड्याचा नट मात्र घट्ट करून घ्या, मुंबईतले निम्मे पंखे तेवढ्यानेच सुधारतात.

जुहूचा_निवृत्त

सर्वांना नमस्कार. माझी सगळी नोकरी खऱ्या हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेली, जुहूच्या धावपट्टीवर. मॉडेल नातू उडवतो, मी शिव्या देतो.

या चर्चेत दोन रोग एकत्र मिसळलेत, ते आधी वेगळे करा. वजनाचा असमतोल आडवा हलवतो, डावी-उजवी. ट्रॅकिंगचा दोष उभा उचलतो, वर-खाली. दोन्हींचा ठेका सारखाच, दर फेरीला एक धक्का. म्हणून कानाला ते एकच वाटतात, बुडाला वेगळे कळतात. मॉडेलमध्ये बूड नाही, तेव्हा डोळ्यांनी बघावं लागतं. या साहेबांचा सांगाडा आडवा थरथरतो, म्हणजे त्यांची पहिली तक्रार वजनाची. दुसरी तक्रार निराळी आहे. पट्टीने ती जाणार नाही.

आमच्या उमेदवारीच्या काळात पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगाचा खडू फासायचे. उभ्या काठीला कापडाची पट्टी ताणून बांधायची आणि इंजिन चालू असताना ती काठी हळूच फिरत्या पात्यांच्या कडेला न्यायची. टोकं कापडाला चाटून जायची. रंगांच्या खुणा एकावर एक पडल्या तर ट्रॅक बरोबर, वर-खाली पडल्या तर कुठलं पातं किती उंच ते कापडावरच उमटायचं. काठी धरणाऱ्याचा हात स्थिर लागायचा आणि पाय पळायला तयार. पुढे स्ट्रोब आले, मग सांगाड्यावर बसवायचे सेन्सर. कंपाचा आकडा इंच प्रति सेकंदात यायचा, ०.२ च्या खाली आला की चहा.

कृपा करून मॉडेलवर कुणी काठी नेऊ नका.

कल्याण_स्लो

काका, नुसतं वाचून पोटात गोळा आला.

एक शंका. आम्ही बॅलन्स आधी करतो, मग ट्रॅकिंग. मोठ्या हेलिकॉप्टरला उलट करतात असं ऐकलंय?

जुहूचा_निवृत्त

बरोबर ऐकलंत, पण अर्धं. मोठं पातं कारखान्यातून निघतानाच एका प्रमाण पात्याशी तोलून येतं. म्हणून एकच पातं खराब झालं तर एकच बदलता येतं, जोडी लागत नाही. ते बसवल्यावर आधी ट्रॅक, मग उरलेला आडवा कंप हबवर वजनं लावून. तुमच्याकडे प्रमाण पातं नाही, तुमची दोन पाती एकमेकांचं प्रमाण. म्हणून टेबलावरचा तोल आधी, मग ट्रॅक.

आता या साहेबांच्या दुसऱ्या तक्रारीकडे. होव्हरला ट्रॅक जुळतो आणि जोर वाढला की फाटतो. आमच्याकडे अशा वेळी पिच लिंकला हात लावत नसत. लिंक दोन्हीकडे सारखाच फरक करते. पात्याच्या मागच्या कडेला पत्र्याची छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब, ती अंशभर वाकवायचे. मॉडेलच्या पात्याला टॅब नाही. तेव्हा मूळ कारण शोधा. लांबीतला सीजी मोजलात, रुंदीतला मोजलात का?

वांद्रे_पूर्व

रुंदीतला म्हणजे पुढच्या कडेपासून? नाही मोजला. कसा मोजायचा?

जुहूचा_निवृत्त

पातं मुळाच्या भोकातून खिळ्याला मोकळं टांगा. कालनिर्णयचा खिळा चालेल. त्याच खिळ्यावरून ओळंबा सोडा, दोऱ्याला एक नट बांधला तरी पुरे. दोरा पात्यावरची तुमची पेन्सिलीची रेघ जिथे ओलांडतो तिथे खूण करा. पुढच्या कडेपासून ती खूण किती दूर, ते दोन्ही पात्यांचं कळवा. पात्याची रुंदीही सांगा.

वांद्रे_पूर्व

रुंदी ३२ मिमी, दोन्हींची. खूण लालची १० मिमीवर, निळ्याची साडेबारावर. काका, हे कळवताना मलाच घाम फुटला.

गणिती_गोरेगाव

काका, याचं उत्तर मी देऊ का?

उचल पात्याच्या पुढच्या पाव रुंदीवर लागते असं धरतात, म्हणजे इथे ८ मिमीवर. कलेक्टिव्ह वाढवलं की पाती वर उचलली जातात, शंकूसारखी. अशा उचललेल्या पात्याला केंद्रोत्सारी ओढ पुन्हा सपाट करायला बघते, म्हणजे सीजीपाशी खाली खेचते. उचल ८ मिमीवर वर ओढतेय, ही ओढ सीजीवर खाली खेचतेय. सीजी जितका मागे तितकं पातं पुढून वर पिळलं जातं. पिळलं गेलं की पिच वाढतो, पिच वाढला की अजून उचल. निळ्याचा सीजी लालपेक्षा अडीच मिमी मागे आहे. तेव्हा जोर वाढल्यावर निळं वर जायला हवं. जातं का?

वांद्रे_पूर्व

निळंच वर जातं! मी सुरुवातीला रंग लिहिलाच नव्हता.

स्वॅशप्लेट

मग पुढच्या कडेला वजन लावून सीजी पुढे आणता येईल?

गणिती_गोरेगाव

करून बघा हिशेब. २७.१ ग्रॅमच्या पात्याचा सीजी साडेबारावरून दहावर आणायला अगदी पुढच्या धारेवर पावणेसात ग्रॅम लावावे लागतील. पात्याच्या वजनाचा चौथा हिस्सा. मग ते सगळं लालवरही चढवा. आणि हे वजन उडताना सुटलं तर जिथे जाईल तिथे खड्डा.

स्वॅशप्लेट

म्हणजे माझंच बरोबर होतं, परत करा.

गणिती_गोरेगाव

तुमचं 'परत करा' बरोबर होतं, कारण चुकीचं होतं. नुसता लांबीतला ६ मिमी फरक असता तर ०.३१ च्या पट्टीवर भागलं असतं.

स्वॅशप्लेट

इथे मी सहमत नाही. आधी सीजी जुळवा, म्हणजे हलकं-भारी कुठेही असो, दोघांचा एकाच जागी आणा. मग हलक्या पात्याला बरोबर सीजीवर पट्टी लावून वजन जुळवा. ही जुनी रीत आहे आणि तिच्यामागे कारण आहे. नुसता गुणाकार जुळवला तर पाती स्थिर शाफ्टभोवती तोलतात, पण वेग वाढवता-कमी करताना दोघांचा जडपणा वेगळा असतो. एक मागे रेंगाळतं, एक पुढे जातं.

गणिती_गोरेगाव

रीत उत्तमच आहे, पण ६ मिमीसाठी तिची किंमत बघा. लालचा सीजी १५८ वर न्यायला टोकाशी १.०५ ग्रॅम. मग लाल झालं साडेअठ्ठावीस, म्हणून निळ्याच्या सीजीवर आणखी १.३५. एकूण २.४ ग्रॅम पट्टी, कशासाठी, तर ०.३१ ने होणाऱ्या कामासाठी. १ मिमीचा फरक असेल तर तुमची रीत मीही वापरतो.

नागदेवी_नट

दोघांनी चहा घ्या.

मी पाती टेबलावर तोलून झाली की शेवटचा तोल हेडसकट घेतो. मुख्य शाफ्ट, हेड, ग्रिप, पाती, सगळं एक करून फ्रेममधून बाहेर. शाफ्ट आडवा, दोन काचेच्या ग्लासांच्या कडांवर. ४५० चा ५ मिमीचा शाफ्ट गुळगुळीत असतो, छान लोळतो. जे पातं खाली जाईल त्याच्या समोरच्याला पट्टी. यात ३२ मिमी मोजायला नको, गुणाकार नको, ग्रिपमधला फरकही आपोआप येतो. फक्त पाती अगदी एका रेषेत हवीत, एक जरा दुमडलेलं राहिलं तर निकाल खोटा.

गणिती_गोरेगाव

हे माझ्या हिशेबापेक्षा चांगलं आहे. मान्य.

कल्याण_स्लो

पट्टीबद्दल अनुभव. साधी सेलोटेप हलकी असते, बारीक फरकाला तीच. ०.३ सारख्या फरकाला इलेक्ट्रिशियनची काळी टेप, माझ्या काट्यावर सेंटिमीटरला साधारण ०.०३ ग्रॅम भरते, म्हणजे दहाएक सेंटिमीटर. ती पुढच्या धारेवरून गुंडाळायची आणि दोन्ही टोकं मागच्या कडेकडे संपवायची, तोंड वाऱ्याकडे राहिलं तर पहिल्याच उड्डाणात सोलून निघते. टोकांच्या रंगांसाठी मी बाइकच्या नंबरप्लेटवाल्याकडून रेडियमचे दोन तुकडे घेतो, एक लाल, एक पिवळा. संध्याकाळच्या उन्हात ट्रॅक झकास दिसतो. दोन्ही तुकडे एकाच मापाचे कापा, नाहीतर तेच नवं वजन.

पावसाळ्याचंही सांगून ठेवतो. जुनी लाकडी पाती अजून कुणाकडे असतील तर जूनमध्ये तोललेली ऑगस्टमध्ये तोललेली राहत नाहीत. वरचं कव्हर कुठे उचकटलं असेल तिथून ओल शिरते, आणि दोन पाती सारखी ओल पीत नाहीत. कार्बनला ही कटकट नाही, पण बेअरिंगला आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी थ्रस्ट बेअरिंग उघडून बघावीत, गंजाचे ठिपके पडतात.

वांद्रे_पूर्व

लिंकचं एक विचारायचं राहिलं. एक फेरा फिरवला की ट्रॅक एकदम इकडचा तिकडे होतो. मधलं काहीच सापडत नाही.

स्वॅशप्लेट

२ मिमी आट्याच्या दांडीवर एक फेरा म्हणजे ०.४ मिमी. ग्रिपचा आर्म १७ मिमीचा धरला तर साधारण १.३ अंश. ट्रॅकिंगला हा फार मोठा घास आहे. म्हणून वरच्या पात्याला अर्धा फेरा कमी, खालच्याला अर्धा जास्त असं वाटून घ्या, म्हणजे एकूण पिचही जागेवर राहतो. बॉल लिंक अक्षरं बाहेर ठेवूनच बसणारी असेल तर अर्धा फेरा चालत नाही. मग दोन्हीकडे उलटसुलट आट्यांची टर्नबकल दांडी घ्या, लिंक न काढता हवी तेवढी फिरते.

दांडी लांब केल्यावर पिच वाढतो की कमी होतो हे आर्म पात्याच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या, त्यावर ठरतं. आधी हाताने स्वॅशप्लेट (शाफ्टवरची, या दांड्या हलवणारी चकती) वर करून बघा.

आणि बघणाऱ्याने कधीही पात्यांच्या पातळीत डोळे आणून जवळ बसायचं नाही. ट्रॅक बघायचा तो दहा मीटरवरून, चष्मा घालून.

गणिती_गोरेगाव

@स्वॅशप्लेटच्या शेवटच्या वाक्याला आकडा जोडतो. २८०० ला तुमचं प्रत्येक २७ ग्रॅमचं पातं मुळाच्या बोल्टला ४४ किलोच्या जोराने बाहेर ओढतंय. टोक ताशी ३७५ किमीने धावतंय. मुळाशी तडा गेलेलं पातं लावू नका. आणि सोसायटीच्या गच्चीवर 'जरा टेस्ट करतो' हा प्रकार तर अजिबात नको.

जुहूचा_निवृत्त

ट्यूबलाइटखाली तर मुळीच नको. जुन्या चोकवाल्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. दोन पात्यांचं हेड मिनिटाला ३००० फेऱ्यांना आलं की पाती जागच्या जागी थांबलेली दिसतात. थांबलीत असं समजून हात पुढे करणारा माणूस मी वर्कशॉपमध्ये ओरडून मागे ओढलाय, तिथे पंखा होता एवढंच.

झोपाळा

@स्वॅशप्लेट, दांड्याचा नट सैल होता. आता पाचवर डुलत नाही. नाणं लागलंच नाही. धन्यवाद!

कल्याण_स्लो

@वांद्रे_पूर्व, तुम्ही उडवता कुठे? वांद्र्यात तर विमानतळ उशाशी.

वांद्रे_पूर्व

शहरात नाहीच. ड्रोन नियम २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही, आणि मुंबई पोलिसांचे ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटची विमानं यांवर बंदीचे आदेश सतत निघत असतात. पूर्वी पनवेलकडे जायचो, आता तिकडेही विमानतळ झाला. बदलापूरच्या पुढे ओळखीच्यांचं शेत आहे, भात कापून झाला की. जायच्या आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघतो. पाती दुमडली की ४५० लोकलमध्ये मांडीवर बसतं.

कल्याण_स्लो

आमचं ७०० मालडब्यात जातं, टोपल्यांच्या शेजारी. मासेवाल्या मावशी दर वेळी विचारतात, माणूस बसतो का यात.

वांद्रे_पूर्व

शेतावर जाऊन आलो. @नागदेवी_नट यांच्या पद्धतीने हेडसकट तोललं. काळी टेप लालच्या टोकाला, नंतर उतरवून काट्यावर टाकली तर ०.३०. गोरेगावच्या हिशेबाला सलाम. बोल्टही सारखे आवळले. हेलिकॉप्टर आडवं धरल्यावर पाती आपल्या वजनाने पडत नाहीत, हलका झटका दिला की पडतात.

आडवी थरथर २८०० लाही जवळजवळ गेली. स्किडच्या कडा स्वच्छ दिसतात. ट्रॅकिंग मात्र काका म्हणाले तसंच. होव्हरला एकच रेघ, कलेक्टिव्ह ओढलं की निळं वर.

दोन प्रश्न. ही पाती नुसती २००० वर होव्हरच्या सरावाला ठेवू का? आणि आता एक नवा आवाज ऐकू येतोय, मधमाशीसारखा बारीक. शेपटीचा उभा फिन धूसर दिसतो.

स्वॅशप्लेट

तो आवाज आधीही असणार, मोठ्या थरथरीत लपला होता. टेल रोटर मुख्य रोटरच्या चौपटीहून वेगाने फिरतो, म्हणून कंप बारीक आणि चढा. मुख्य पाती उतरवून मोटर चालवा. गुणगुण राहिली तर मग टेलची पातीही उतरवून चालवा. तेव्हा गेली तर दोष टेलच्या पात्यांत, तरीही राहिली तर टेल शाफ्ट, बेअरिंग किंवा मोटर. टेलची छोटी पातीही अशीच तोलतात, फक्त सेलोटेपचा नखाएवढा तुकडा पुरतो. हा बारीक कंप जायरोला सगळ्यात जास्त त्रास देतो, शेपूट उगाच हलायला लागते.

जुहूचा_निवृत्त

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. आज तुम्ही २००० वर ठेवाल, उद्या विसरून कुणी २८०० करेल.

वांद्रे_पूर्व

टेलची पाती काढूनही गुणगुण होती. टेल शाफ्ट आरशावर लोळवला, लंगडतो. नवा मागवलाय. पात्यांची नवी जोडी वजन आणि सीजी छापलेली घेतली, महाग पडली. लाल-निळी बाजूला ठेवतोय.

कल्याण_स्लो

ठेवून काय करणार, मला द्या. भिंतीवर लावतो.

जुहूचा_निवृत्त

देऊ नका. आमच्याकडे बाद झालेला भाग कापूनच भंगारात जायचा. अख्खं पातं दिसलं की कुणीतरी कधीतरी ते लावतोच. बोल्टच्या भोकाशी आडवा काप द्या.

नागदेवी_नट

हॅकसॉला बारीक दात्यांचं पातं लावा आणि ओल्या फडक्यात धरून कापा. कार्बनची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क घाला. घरातल्या चटईवर तर मुळीच नको, ते बारीक तंतू महिनाभर पायात टोचतात.